नाइल क्विनची नॉक-डाऊन उंच स्ट्रायकरला शिकवायची असेल तर

संघात सहा फुटी पोरगा आला की पुण्यातले बरेच कोच त्याला गोलसमोर उभा करतात आणि त्याच्या डोक्यावर चेंडू उडवत राहतात. पण उंच स्ट्रायकरचं डोकं गोलापेक्षा जोडीदारासाठी जास्त कामाचं. उंच आलेला चेंडू डोक्याने खाली जोडीदाराकडे देणं म्हणजे नॉक-डाऊन. सहा फूट चार इंचांच्या नाइल क्विनने आयर्लंडसाठी २१ गोल केले. सन्डरलंड क्लबमध्ये त्याचा जोडीदार असलेल्या केव्हिन फिलिप्सने १९९९-२००० च्या एकाच प्रीमियर लीग मोसमात ३० मारले.

सरावाआधी २००२ च्या वर्ल्ड कपमधला जर्मनीविरुद्धचा बरोबरीचा गोल पोरांना दाखवा. फिननचा लांब चेंडू, क्विनचा हेडर, रॉबी कीनचा फटका. नजर क्विनवर नको, कीनवर ठेवायला सांगा.

भाड्याच्या टर्फवर वर जाळी असते, उंच चेंडू अडतो. मोठं मातीचं मैदान घ्या. मात्र उन्हाळ्यात ते दगडासारखं होतं, तेव्हा उड्या कमी.

सुरुवात हातांनी करा. दहा-बारा मीटरवरून चेंडू उंच फेका, स्ट्रायकरने उडीच्या सर्वांत वरच्या टोकाला तो झेलायचा. उडीची वेळ यातूनच बसते. क्विन लहानपणी डब्लिनमध्ये गेलिक फुटबॉल खेळायचा, त्यात हा झेल रोजचाच. (१९९१ मध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बाहेर काढला गेल्यावर यानेच गोलमध्ये उभं राहून डर्बी काउंटी संघाची पेनल्टी अडवली होती.)

मग हेडर. चेंडूखाली आधीच जाऊन उभं राहू नये. दोन-तीन पावलं मागे थांबून, पुढे येत एका पायावर उडी. उभ्या जागेवरून उडणारा हमखास मागच्या बचावपटूकडून हरतो. चेंडू जोडीदाराच्या पायात द्यायचा तर कपाळाने त्याच्या वरच्या अर्ध्यावर मारा; मागे सोडायचा तर कपाळाच्या वरच्या कडेने नुसता घासा. डोळे मिटले की चेंडू टाळूवर बसतो आणि कुठेही जातो. हात तोलासाठी पसरावेत, पण कोपर समोरच्याला लागलं की फाऊल.

खरी गडबड जोडीदाराची होते. त्याने पाच-सहा मीटरवर, तिरकं थांबावं. जवळ राहिला तर चेंडू डोक्यावरून जातो. शिवाय स्ट्रायकरचं डोकं चेंडूला लागलं की ऑफसाइड नव्याने मोजला जातो, म्हणून त्या क्षणापर्यंत शेवटच्या बचावपटूच्या पुढे जायचं नाही. हे जमलं की पंचवीस-तीस मीटरवरून किक मारून तेच करा, बचावपटू आधी नुसता उभा, नंतर खराखुरा.

जोरदार हेडर आठवड्याला दहाच, ही इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची प्रौढ खेळाडूंच्या सरावासाठीची मर्यादा आपल्याकडेही पाळावी. प्राथमिक शाळेतल्या मुलांना हेडिंग देऊच नका. पाच नंबरचा कोरडा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. शिवण सुटलेला जुना चेंडू पावसात पाणी पिऊन जड होतो, तो फक्त पायांच्या सरावाला ठेवा.