मानदुखी : उशी बदलण्याआधी या चुका टाळा

मान आखडलेला माणूस माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे येतो, तेव्हा बहुधा त्याने दोन नव्या उशा आणि एक महागडी खुर्ची आधीच विकत घेतलेली असते. म्हणून मी आता पहिला प्रश्न लॅपटॉपचाच विचारतो. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे पडदा डोळ्यांच्या पातळीवर आणला की हात अधांतरी राहतात आणि हात टेकवले की मान खाली जाते. साडेचार-पाच किलोंचे डोके जितके पुढे झुकते, तितका मानेमागच्या स्नायूंना ते पेलण्याचा त्रास अधिक. दिवसभर काम करणाऱ्याने वेगळा कीबोर्ड व माऊस घ्यावा आणि लॅपटॉप जुन्या फायलींच्या चळतीवर ठेवावा. विकतचा स्टँडही याहून वेगळे काही करत नाही.

या सल्ल्याने मी स्वतःच मात्र एकदा फसलो. चाळिशी लागल्यावर मी प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. त्यात जवळचे पाहण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे उंचावरचा पडदा वाचण्यासाठी मी नकळत हनुवटी वर करून बसू लागलो. तीन आठवडे मानेच्या मुळाशी कळ येत होती आणि, सांगायला लाज वाटते, मीही उशीच बदलली. शेवटी पत्नीने विचारले, "अहो, तुम्ही पडद्याकडे बघता की छताकडे?" पडदा चार बोटे खाली घेतल्यावर आठवडाभरात दुखणे ओसरले.

बैठक कितीही अचूक असली, तरी तीच चार तास धरून ठेवणे चूकच. मी टेबलावर बाटली न ठेवता लहानसा पेला ठेवतो, म्हणजे पाण्यासाठी वारंवार उठावेच लागते. व्यायामाचे म्हणाल, तर पहिल्या दिवशी दहा व्यायाम करून तिसऱ्या दिवशी "फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

फोन खांदा आणि कानात दाबून बोलू नये. पालथे झोपू नये, कारण मान रात्रभर एका बाजूला वळलेली राहते. मानेचा पट्टा स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू दुबळे होतात. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणे तर कायमचे थांबवावे. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होऊन क्वचित पक्षाघातही होऊ शकतो.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा दुखणे अपघातानंतर सुरू झाले असेल, तर व्यायाम शोधत न बसता आधी डॉक्टरांना दाखवावे.