टेन्शन डोक्यात अन् जळजळ छातीत, करायचं काय भो?

मे महिन्यात आपल्या रावेर-यावलकडे केळी कापणीला आलेली, वर ४४-४५ डिग्री ऊन, वादळाचा नेम नाही आणि भाव रोज वर-खाली. मग कोणाला ॲसिडिटी, कोणाची मान आखडलेली, कोणी रात्री तीनला टक्क जागा, आणि सगळे म्हणतात अंगात उष्णता झाली. असेलही, पण जरा टेन्शनकडं पण बघा ना.

होतं असं की टेन्शन आलं का अंगात ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स सुटतात, ठोके वाढतात, बीपी चढतं, लिव्हर रक्तात साखर सोडतं, पचन मागं पडतं. समोर साप आला तर हे कामाचंच आहे, पळालं की मोकळं. पण भाव पडला तर पळता कुठं? मग ते महिनोन्‌महिने अंगात चालूच राहतं. हान्स सेल्ये नावाच्या संशोधकानं १९३६ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं, त्रास कसलाही द्या, पोटात अल्सर होतातच.

आता उपाय. सगळ्यात आधी श्वास, कारण फुकट आहे आणि लगेच चालतो. नाकानं चार मोजत आत, आठ मोजत हळूहळू बाहेर, पाच मिनिटं, बांधावर बसून केलं तरी चालतं. बाहेर सोडणं लांबलं की ठोके आपोआप उतरतात. चक्कर आली तर थांबा, जोर लावू नका.

भाव दिवसातून एकदाच बघायचा, संध्याकाळी जेवणाआधी. रात्री अकराला व्हाट्सअपवर भाव बघून तो काय वाढणारे का?

झोपताना डोक्यात चक्र फिरत असेल तर वहीत लिहून काढा, विम्याला कळवणं, सोसायटीत जाणं, जे हातात आहे तेवढंच, आणि समोर कोणत्या वारी करायचं ते टाका.

चहा चारनंतर बंद, त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनी पण अंगात असतं. रात्री उशिरा तर्रीवाली शेवभाजी हाणून लगेच आडवं व्हायचं आणि टेन्शनला शिव्या द्यायच्या हे पण बरोबर नाही भो. तंबाखूनं बरं वाटतं म्हणतात, पण निकोटिन ठोके आणि बीपी वाढवतंच.

बीपी-शुगर तपासून घ्या. छातीत दाब, घाम, हातात कळ आली तर टेन्शन समजून घरी थांबू नका, सरळ दवाखाना. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस लाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.