रीमॅप करायचाय? आधी गिअरबॉक्सची ताकद बघा

रीमॅप म्हणजे ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, मॅप (सेटिंग) बदलून इंजिनाचा जोर वाढवणं. त्याची चौकशी करणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘बीएचपी (हॉर्सपॉवर) किती वाढेल?’ विचारायला हवं ते टॉर्कबद्दल, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराबद्दल, कारण क्लच आणि गिअरबॉक्सवर खरा ताण टॉर्कचा येतो.

१. मर्यादा शोधा. स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. डीएसजी (ऑटोमॅटिक) मॉडेलमधल्या सात गिअरच्या ड्राय क्लच गिअरबॉक्सची मर्यादाही २५०च आहे. म्हणजे कागदावर वाढवायला जागाच नाही. तोच गिअरबॉक्स जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १७५ सांभाळतो, तिथे वाव आहे. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीवर मात्र पैसे घालू नका, फरक जेमतेम जाणवतो.

२. गाडी तपासून घ्या. एरर कोड स्कॅन करा. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, क्लच आणि टर्बोचे पाइप पाहून घ्या. क्लच आत्ताच घसरत असेल तर रीमॅपनंतर लवकरच हात टेकेल.

३. पर्याय निवडा.

ट्यूनिंग बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटे आकडे दाखवतो. काढून ठेवता येतो, पण काम ढोबळ.

ओबीडी रीमॅपमध्ये स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या (ओबीडी) सॉकेटमधून ईसीयूची फाइलच बदलतात. बहुतेकांना हेच पुरतं. काही ईसीयू त्या वाटेने उघडत नाहीत, मग ते काढून टेबलावर फ्लॅश करावे लागतात, म्हणजे त्यात नवी फाइल लिहावी लागते. पूर्ण वेगळा स्टँडअलोन ईसीयू ही रेसवाल्यांची गोष्ट.

४. ट्यूनरला दोन प्रश्न विचारा. माझी मूळ फाइल गाडीतूनच वाचणार, की सॉफ्टवेअर नंबरवरून सर्व्हरवरून उतरवणार? आणि ती मला देणार का? परत स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) यायचं तर तीच लागते. तयार फाइलपेक्षा डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तुमच्या गाडीसाठी बनवलेली फाइल महाग, पण माझं मत तिलाच. आणि ती रोज भरता त्याच पेट्रोलवर बनवून घ्या. १०० ऑक्टेनवर ट्यून करून गावाकडे साधं पेट्रोल भरलंत, तर नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) सुरू होईल.

५. फ्लॅश करताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलाय ना, हे स्वतः बघा. एसी, हेडलाइट, म्युझिक सगळं बंद. फाइल लिहिली जात असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू मुका होतो आणि गाडी टोइंगवर जाते.

६. नंतर डायनोवरच लॉग (इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घ्या. नॉकमुळे ईसीयू इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) वारंवार मागे खेचत असेल, तर मॅप सौम्य करून घ्या, लगेच.

वॉरंटी यात जाऊ शकते. बीएस ६ डिझेलचं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. विमा कंपनीला बदल कळवा. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवर ‘ईसीयू अपडेट करू नये’ असं लिहून घ्या, नाहीतर अपडेटमध्ये तुमचा मॅप पुसला जाईल.