आई यायच्या आधी बेसमेंट

न्यू जर्सीत उन्हाळ्यात पाहुण्यांची झोपायची सोय अनेक घरांत बेसमेंटमध्ये होते, आणि बेसमेंटला कुबट वासही नेमका त्याच दिवसांत सुटतो. आई पहिल्यांदा चिपळूणहून आली तेव्हा जिना उतरता उतरताच म्हणाली, "अगं, किती कोंदट! खिडक्या उघड की." मला ते पटलं. जुलैचे तीन आठवडे दोन्ही खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. ऑगस्टमध्ये गणपतीचं मखर काढायला कपाट सरकवलं, तर भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत हिरवट-काळी लव आलेली. बोट लावलं तर मखमलीसारखी लागली. शेजारी तबल्याच्या पुडीवर पांढरे ठिपके.

हवा खेळली की ओल जाते, हे आपल्या अंगात मुरलेलं. पण बेसमेंटच्या भिंतींना बाहेरून माती लागलेली असते, त्यामुळे त्या जुलैतही गारच राहतात. बाहेर 30 अंश सेल्सियस आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा साधारण 24 अंशांपर्यंत गार झाली की पाणी सोडते, आणि भिंत असते वीसेक अंशांची. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच हे. म्हणून आई यायच्या आधीच्या कामांतलं पहिलं काम: जून ते सप्टेंबर बेसमेंटच्या खिडक्या बंद. आई कितीही म्हणाली तरी.

बाकीची कामं एप्रिल-मे मध्येच धरावीत, आणि सुरुवात घराबाहेरून करावी. लोक आधी हवेतली ओल काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, विकत आणतात, मग पाणी कुठून येतंय ते बघतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोन हजार लिटरांहून जास्त पाणी पन्हळीतून खाली येतं. पन्हळीत मागच्या वर्षीचा पाचोळा अडकला असेल तर ते सगळं पायाशीच ओतलं जातं. पाचोळा काढा. खाली येणाऱ्या पाइपाला जोड लावून त्याचं तोंड भिंतीपासून निदान सहा फूट लांब न्या. घराभोवतीच्या जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. हौसेने भिंतीलगत फुलझाडांचे वाफे केले असतील तर बहुधा उतार तिथेच बिघडलेला सापडेल. आमचा तिथेच बिघडला होता.

आत आल्यावर आधी निदान. हातभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस विसरा. थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर पाणी हवेतलं आहे, फॉइलच्या मागे दिसले तर ते भिंतीतून झिरपतंय. झिरपत असेल तर यंत्राने फक्त वेळ मारून नेली जाईल. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर ते सिमेंटमधले क्षार, बुरशी नव्हे. पण तिथून पाणी येऊन गेलंय एवढं मात्र कळलं.

मग दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक घ्या आणि तो जिन्याजवळ नको, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवा. आकडा 50 च्या खाली हवा, 60 च्या वर अजिबात नको. डीह्युमिडिफायर घेताना एक गंमत लक्षात ठेवा. यंत्र दिवसाला किती पाइंट पाणी काढतं ते मोजण्याची पद्धत 2019 मध्ये बदलली, आता आधीपेक्षा गार हवेत, 65 अंश फॅरनहाइटला मोजतात. त्यामुळे पूर्वी 70 पाइंटचं म्हणून मिळायचं ते आता 50 पाइंटचं म्हणून येतं. यंत्र लहान झालेलं नाही. नळी थेट मोरीत किंवा संपमध्ये, म्हणजे बेसमेंटच्या जमिनीतलं पाणी गोळा होतं त्या खड्ड्यात, सोडा, कारण बादली भरली की यंत्र बंद पडतं आणि बादली नेमकी आपण गावाला गेल्यावर भरते.

त्या खड्ड्यातलं पाणी बाहेर फेकणारा संप पंप असेल तर खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. तरंगता गोळा वर येऊन पंप सुरू व्हायला हवा. बॅटरीचा जोडपंप महाग वाटतो, पण मोठ्या पावसात वीज आधी जाते. आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस 1 सप्टेंबर 2021 ला इथे कोसळला आणि न्यूयॉर्क शहरात त्या रात्री गेलेल्यांपैकी बहुतेक जण बेसमेंटमधल्या घरांत अडकलेले होते. म्हणून फोनवर पुराचा इशारा वाजला की पाहुण्यांनी अंथरूण घेऊन वर यायचं, हे आल्या दिवशीच सांगून ठेवा. आईला ते समजावावं लागलं नाही. त्याच वर्षी 22 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं. खाली झोपायची खोली असेल तर माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकीही हवी.

बुरशी आधीच असेल तर ती किती आहे ते मोजा. दहा चौरस फुटांच्या आत असेल, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फूट, तर घरच्या घरी निघते. त्यापुढे माणूस बोलवावा. ती कुठल्या जातीची आहे याच्या चाचणीवर पैसे घालवू नका. जात कुठलीही असो, काढायचीच आहे. एन-95 मास्क, भोकं नसलेला चष्मा, लांब हातमोजे. घरभर हवा फिरवणारा एसी तेवढा वेळ बंद, नाहीतर बेसमेंटमधले कण बेडरूममध्ये पोचतात. काँक्रीटची भिंत साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण वाळवा. ब्लीचची गरज बहुतेकदा नसते, कारण मेलेली बुरशीही शिंका आणतेच. वापरलंच तर अमोनिया किंवा व्हिनेगरशी मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. वरून रंग मारणं म्हणजे मळक्या पायावर नवे मोजे.

ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींचा कागद लावलेला जिप्समचा पत्रा, वेगळा. त्याच्या कागदावरच बुरशी पोसते, पुसून भागत नाही. ओलीच्या रेषेच्या वर फूटभर कापून काढावा लागतो. कार्पेट भिजून दोन दिवस तसंच राहिलं असेल तर जीव लावू नका, टाका. आमचं मी उन्हात वाळवलं, पहिल्या दमट दिवशी वास परत आला. पाणी शिरल्यावर हातात 24 ते 48 तास असतात, तेवढ्यात कोरडं करायचं. जुन्या घरात नऊ इंची चौकोनी फरश्या असतील तर त्या स्वतः उखडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत, आणि डबे फळीवर. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. सिल्कच्या साड्या, तबला, पेटी आणि तांदळाची पोती वरच्या मजल्यावर. विम्याचा कागदही मे मध्येच वाचा. साध्या घरविम्यात पूर येत नाही, संप भरून उलटं आलेलं पाणीही बहुधा वेगळं घ्यावं लागतं, आणि सरकारी पूरविमा घेतल्यावर सहसा 30 दिवसांनी लागू होतो.

डीह्युमिडिफायरच्या बादलीतलं पाणी आई तुळशीला घालायला निघाली होती, "वाया कशाला?" म्हणून. ते पाणी यंत्राच्या धातूच्या नळ्यांवरून येतं आणि तुळशीची पानं आपण चहात घालतो. त्यामुळे तुळशीला नको. हायड्रेंजासारख्या शोभेच्या फुलझाडाला चालेल.