जुन्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक: पॅडआधी पिना बघा

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा एकच चाक तापतं, तेव्हा नवे पॅड घालून भागत नाही. जुन्या गाडीत बहुतेकदा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना जाम झालेल्या असतात. खूण सोपी: आतला पॅड झिजलेला, बाहेरचा जवळजवळ नवा.

चाकाचे नट जमिनीवरच सैल करा, मागच्या चाकांना उटी लावा, मग गाडी जॅकवर चढवून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको. कॅलिपर काढल्यावर तो तारेने बांधा. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो. पिना काढून गंज पॉलिश पेपरने घासा, ब्रेक क्लीनरने पुसा आणि सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्या. साधं चाकाचं ग्रीस लावाल तर पिनांवरची रबरी टोपणं, म्हणजे बूट, फुगतील आणि पिना पुन्हा अडकतील. फाटका बूट बदलाच, पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं.

पॅडचं अस्तर ३ मिमीपर्यंत आलं की जोडीने, दोन्ही चाकांचे पॅड बदला. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, थोडं आधीच काढून घ्या. ते रंग खातं. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर २ वर्षांनी बदला.

चाक बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबा, मगच गाडी हलवा.