तांबडा-पांढरा पचवायचा कसा?

भाकरीचा पहिला घास रश्शात न बुडवता नुसताच मिनिटभर चावा. गोडसर लागेल, लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखर करायला लागलेलं असतं. आमच्याकडं मंडळी चावतात कुठं, गिळतात! मग ते काम स्वादुपिंडाच्या गळ्यात.

तांबडा झोंबला तर पाण्याच्या तांब्याला हात लावू नका. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. दही खा, नाहीतर पांढऱ्याचा घोट घ्या, त्यात नारळाचं दूध असतंयच की.

जठरातलं आम्ल आणि पेप्सिन मटणातल्या प्रथिनांवर तुटून पडतात. रश्शावरचा तवंग मात्र तिथं फारसा पचत नाही. लहान आतड्यात पित्त त्याचे बारीक थेंब करतं, मग लायपेज ते फोडतं. तेल आतड्यात पोचलं की जठराला निरोप जातो, ‘जरा दमानं सोड’. पोट तासन् तास जड राहतं ते त्यामुळं.

म्हणून जेवल्या जेवल्या आडवं पडू नका. रंकाळ्यावर चक्कर मारा, दोन-तीन तास जाऊ द्या, मग डाव्या कुशीवर झोपा; आम्ल अन्ननलिकेत कमी चढतं. मोठं आतडं उरलेलं पाणी शोषून घेतं. दिवसभर पाणी कमी प्यालात तर सकाळी कळेलच.