फ्लशची टाकी गळतेय? अख्खा सेट बदलण्याआधी रबर बघा

कमोडमध्ये सतत बारीक धार दिसते, रात्री मध्येच टाकी भरल्याचा आवाज येतो? झाकण काढा आणि आधी पाण्याची पातळी बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत असेल तर फक्त फ्लोट (पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता भाग) थोडा खाली घ्या. तसं नसेल तर टाकीत थोडा खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. रंग भांड्यात उतरला, म्हणजे खालच्या व्हॉल्व्हचं रबर गेलंय.

अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, बंद करा, फ्लश दाबून टाकी रिकामी करा. हल्लीचे बरेचसे प्लास्टिक व्हॉल्व्ह डावीकडे थोडे फिरवले की वर निघतात. बुडाशी रबराची चकती दिसेल. आमच्याकडे बोअरचं पाणी. चकतीवर पांढरा क्षार इतका बसला होता की बोटाला खरखरीत लागत होता. व्हिनेगरमध्ये भिजवून पुसली, तेवढ्यानेच गळती थांबली. चकती कडक किंवा वाकडी झाली असेल तर मात्र नवीनच घ्या, आणि जुनी सोबत घेऊनच दुकानात जा. डोळ्यांच्या अंदाजाने आणलेली हमखास चुकते.

पूर्ण सेटच बदलायचा झाला तर टाकीची आतली उंची आणि तळाच्या भोकाचा व्यास मोजून न्या. तळाचा प्लास्टिकचा नट हातानेच आवळा. पान्याने जोर लावला तर चिनी मातीला तडा जातो, मग टाकीच बदलावी लागते.